अकरा दिवसांत सात देश

"अकरा दिवसांत सात देश? मग देश बघणार का बसच्या काचा?" आक्कांनी भिंतीवर कोपर टेकून टूरवाल्याचं चकचकीत पत्रक माझ्या हातातून काढून घेतलं. "तिसऱ्या दिवशी सकाळी एक देश, संध्याकाळी दुसरा. आमच्या येष्टीचा मुक्कामाचा ड्रायव्हरसुद्धा एवढा पळत नव्हता."

रहाटणीत पाणी एक दिवसाआड येतं आणि ज्या दिवशी येतं त्या सकाळी आमची सगळी गल्ली अंगणात असते. कुणाची मोटर चालू झाली, कुणाच्या सुनेनं नोकरी बदलली, सगळं तेव्हाच कळतं. त्या दिवशीचा विषय युरोप होता आणि त्यावर बोलण्याचा हक्क गल्लीत फक्त आक्कांना आहे. त्यांचा धाकटा स्वीडनमध्ये गोटेनबर्गला मोटारींच्या कंपनीत आहे. गेल्या उन्हाळ्यात आक्का आणि तात्या त्याच्याकडे जाऊन आले, तेव्हापासून आक्कांच्या बोलण्यात ते गाव शेजारच्या वाकडसारखं येतं.

"स्वीडनच बघायचं तर स्टॉकहोम बघावं," वरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या. त्यांना खालचं सगळं ऐकू येतं, आणि ऐकू आलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. "गोटेनबर्गला कोण जातं? पत्रकात नावसुद्धा नाही."

"काकू, पुण्याला आलेला पाहुणा शनिवारवाडा बघून परत जातो. चिंचवडला उतरतो का? म्हणून काय चिंचवडला काही नाही?"

यावर काकू गप्प झाल्या, कारण त्यांच्या यजमानांची सगळी नोकरी चिंचवडातच झाली. खरं तर या पट्ट्यात स्वीडनचे पाहुणे कमी नाहीत. दापोडीला सँडविक, अल्फा लावल, ॲटलास कॉपको, चिंचवडला एसकेएफ. आमच्या अर्ध्या गल्लीचे हप्ते या नावांवर फिटले आहेत, पण ही नावं आली कुठून हे बघायला आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं. तात्या गेले. बेअरिंगच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, त्याला आयफेल टॉवर दाखवून काय उपयोग?

तात्या पाइप धरून तुळशीला पाणी घालत होते. एसकेएफ म्हटल्यावर पाइप खाली पडला.

"कापडाच्या गिरणीत सुरुवात झाली हो तिची! गामलेस्टाडेन म्हणून भाग आहे, तिथं. गावाची जमीन सगळी चिकणमाती. इमारत इकडून खचायची, तिकडून खचायची. शाफ्टची लाइन सरळ राहीना. लाइन हलली की बेअरिंग तापणार, जाम होणार, गिरणी बंद. तिथं मेंटेनन्सला स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर होता. आता जमीन काय त्याच्या बापाला सरळ करता येणार होती? त्यानं बेअरिंगच असं केलं की शाफ्ट जरा कलला तर तेही त्याच्याबरोबर कलतं. गोळ्यांच्या दोन ओळी आणि आउटरची आतली बाजू गोलाईत घासलेली. सेल्फ अलायनिंग! 1907 साल. त्याच वर्षी कंपनी निघाली. साठच्या दशकात ती आपल्याकडे आली, तेव्हा नाव असोसिएटेड बेअरिंग होतं."

"हे असं तिथं चालायचं," आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मला फुलं दाखवायला नेलं आणि हे जमिनीकडं बघून माती तपासतायत."

पण तात्यांचं म्हणणं मला पटलं. फिरायला जायचं ते देखणं काही बघायला, असं आपण धरून चालतो. आपल्या हातून ज्या वस्तू तयार झाल्या त्यांचं मूळ बघायला जाणंही फिरणंच आहे. तीर्थयात्रेत आपण वेगळं काय करतो?

मातीची गोष्ट तिथं पावलोपावली भेटते म्हणे. गुस्ताव अडोल्फ राजानं 1621 मध्ये शहराला सनद दिली आणि त्या पाणथळ जागेत कालवे खणायला डच माणसं आणली, कारण चिखलात शहर उभं कसं करायचं हे डचांनाच ठाऊक. आजही गावात मोठं खोदकाम चालू आहे, भुयारी रेल्वेचं. चौकाचौकात पत्रे, वळसा घाला अशा पाट्या, क्रेन.

"मला तर घरून निघालोच नाही असं वाटलं," आक्का म्हणाल्या.

"मग जायचं कशाला?" काकू.

"अहो, तिथली बोट. पडाव असतो तसली, बसकी. कालव्यातून फिरवते. एक पूल इतका खाली आहे की बाई आधीच ओरडून सांगते, बाकावरून खाली बसा. चीज किसायची पट्टी असते ना, तेच त्या पुलाचं नाव. डोकं वर ठेवलं तर कीसच. नऊवारी सावरून मी बसले खाली फतकल मारून, आणि शेजारी एक सुटातला साहेब तसाच. सगळी बोट हसत होती."

नंतर जहाजाची गोष्ट निघाली, आणि ती निघाली तेव्हा काकू जिना उतरून खाली आल्या.

इंग्रजांची होती तशी स्वीडनचीही ईस्ट इंडिया कंपनी होती. 1731 मध्ये निघाली, गोटेनबर्गमधून चालायची. मुख्य धंदा चीनशी: चहा, चिनी मातीची भांडी, रेशीम. 1750 च्या सुमारास त्यांचं एक जहाज आपल्या सुरतेलाही येऊन गेलं. कंपनीच्या जुन्या इमारतीत आता शहराचं संग्रहालय आहे. तर, शहराचंच नाव असलेलं त्यांचं एक जहाज चीनला जाऊन अडीच वर्षांनी परत येत होतं. सप्टेंबर 1745. सगळा प्रवास सुखरूप झाला, बंदर समोर दिसायला लागलं, आणि बंदराच्या तोंडाशी, सगळ्यांना पाठ असलेल्या खडकावर जहाज आपटलं. माणसं सगळी वाचली, जहाज बुडालं.

"विम्यासाठी बुडवलं असणार," काकू ताबडतोब म्हणाल्या.

"तिथलेबी असंच म्हणतात! कुणी म्हणतं वाटाड्या प्यायलेला होता, कुणी म्हणतं मुद्दाम. पावणेतीनशे वर्षं झाली, अजून चर्चा थांबलेली नाही." आक्कांना याचं फार कौतुक. "आणि गंमत ऐका. मालाचा तिसरा हिस्सा पाण्यातून वर काढला, तो विकला, आणि सगळा खर्च जाऊन वर चौदा टक्के नफा झाला. बुडून नफा!"

तात्यांनी पुढचं सांगितलं. त्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती तिथल्या लोकांनी बांधली आणि 2005 मध्ये ती शिडांवर चीनला निघाली. 2007 मध्ये परत आली. खडक चुकवून.

काकूंना आता खायचं विचारायचं होतं. त्या शाकाहारी, त्यामुळे त्यांच्या मते युरोपची किंमत बटाट्यावर ठरते.

"बटाटा मुबलक," आक्का म्हणाल्या. "पण मासे खाणाऱ्यानं तिथंच जावं. मासळीबाजार चर्चसारखा बांधलाय, वर तशीच टोकदार कमान, आत मधे एक खांब नाही. 1874 सालचा. मला वाटलं, प्रार्थनेला आणलंय, पायातल्या चपला काढायला लागले, तर आत बर्फावर कोळंबी! ब्रेडच्या एका तुकड्यावर कोळंबीचा ढीग घालून देतात, ब्रेड शोधावा लागतो. किंमत मात्र विचारू नका. रुपयांत मोजलं की घास उतरत नाही, म्हणून पोरगा म्हणाला, आई, मोजायचं नाही."

"आणि तात्या? ते तर माळकरी."

तात्यांनी भक्तिभावानं दालचिनीच्या बनाचं नाव घेतलं. हागा नावाचा जुना मोहल्ला आहे, लाकडी घरांचा, तिथं ताटाएवढा बन मिळतो. वेलदोडाही ते लोक पावात सढळ हातानं घालतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा काम थांबवून कॉफी आणि असा एखादा बन, हा तिथला रिवाज. कारखान्यातल्या चहाच्या सुट्टीला एवढा मान देणारा देश तात्यांना एकदम सज्जन वाटला. ते पाइप उचलायला वळले तशी आक्का भिंतीवरून वाकून माझ्या कानाशी आल्या. "बनावर वरून अंड्याचा हात फिरवतात म्हणे. मी यांना बोलले नाही. तुम्हीबी बोलू नका."

घरांचीही एक गंमत आहे. गावात तीन मजली जुन्या इमारतींच्या रांगा दिसतात, तळमजला दगडविटांचा आणि वरचे दोन लाकडाचे. आगीच्या भीतीनं लाकडी घर दोन मजल्यांपेक्षा उंच बांधायला बंदी होती. मग लोकांनी खालचा मजला दगडी केला आणि वर नियमाप्रमाणे दोन लाकडी चढवले. 1870 च्या दशकातली ही पळवाट गव्हर्नरानंच मान्य केली, म्हणून ती घरं अजून गव्हर्नरच्या नावानं ओळखतात. बिल्डर सगळीकडचे एकाच गोत्राचे.

वोल्वोही तिथलीच, आणि तिला पोसलं ते याच बेअरिंगच्या कंपनीनं. पहिली गाडी कारखान्यातून बाहेर पडली 14 एप्रिल 1927 ला. चालू करून गिअर टाकला तर पुढं जायच्या ऐवजी मागं गेली म्हणतात, मागच्या आसाचं काम उलटं बसलं होतं. चाकणच्या कुठल्याही लाइनवरच्या माणसाला ही गोष्ट सांगून बघा, तो पहिल्यांदा विचारेल, त्या शिफ्टला सुपरवायझर कोण होता?

मला स्वतःला मोहात पाडलं ते बेटांनी. ट्रामनं शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, त्याच तिकिटावर बोटीत बसायचं. बेटांवर मोटारी नाहीत. गावकरी पुढं हौदा असलेल्या तीनचाकी फटफटीवरून किराणा नेतात. खडक, गार पाणी, लाल-पांढरी घरं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. गावातल्या मोठ्या बागेत एल्क आणि सील बघायला पैसे पडत नाहीत. नळाचं पाणी थेट प्यायचं, आणि तो नळ रोज येतो. हे शेवटचं ऐकून आम्ही तिघींनी एकदमच टाकीकडं बघितलं.

"पाऊस?" मी विचारलं.

"पाऊस आहे. छत्री टिकत नाही, वारा उलटी करतो. हिवाळ्यात जाऊ नका, दुपारी साडेतीनला दिवेलागण. दुकानं लवकर बंद. रोख पैसे कुणी घेत नाही, मी नेलेल्या नोटा तशाच परत आणल्या." आक्कांनी दोषही मोकळेपणानं सांगितले, म्हणून मला त्यांचा जास्त विश्वास वाटला. "कोपनहेगनला उतरायचं, तिथनं समुद्रावरच्या पुलावरनं रेल्वे. चारेक तासांत गोटेनबर्ग. पाच-सहा दिवस एकाच गावात राहायचं. रोज त्याच बेकरीत जायचं. तिसऱ्या दिवशी बेकरीवाली ओळख दाखवते, ते तुमच्या सात देशांत होणार आहे का?"

काकूंनी अजून पॅरिस सोडलेलं नव्हतं. येताना दोन दिवस पॅरिस करता येईल का, अशी तडजोड त्या सुचवत होत्या. मी मात्र पत्रकाची घडी घातली होती. जूनची तिकिटं बघते, असं म्हटलं.

आक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी आत बघून तात्यांना पिशवी आणायला सांगितलं, मग माझ्याकडे वळून आवाज एकदम मऊ केला.

"वैनी, विमानात माणशी किती किलो नेऊ देतात हो? नाही म्हणजे, तुमचे कपडे काही वीस किलो भरणार नाहीत. पोराला तिथं भाजणी मिळत नाही, आणि काळा मसाला तर आपल्या घरचाच लागतो त्याला."