विरारच्या पुढची गाडी

मायक्रोसॉफ्टने 2001 साली ‘ट्रेन सिम्युलेटर’ हा खेळ काढला, तेव्हा त्यात अमेरिका, युरोप आणि जपानमधले मिळून सहा मार्ग होते. भारताचा एकही नाही. आपल्या पोरांना हे पचणं शक्यच नव्हतं. त्यांनी आपली इंजिनं, डबे, फलाट घरी बसून तयार केले आणि त्या खेळात बसवले. याला मॉडिंग म्हणतात. यात पैसा मिळत नाही, जागरण मात्र भरपूर घडतं. मोबाइलवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ खेळणाऱ्यांनी तर आपली लाल परी थेट जावा बेटावरच्या रस्त्यांवर नेऊन सोडली आहे.

आमचा भाचा यातलाच. पोटापाण्यासाठी प्रोग्रामर. रोज बोईसरहून डहाणू लोकल पकडून अंधेरी गाठतो, चौथ्या सीटवर अर्धा टेकून परत येतो आणि जेवण झालं की डहाणू लोकल चालवायला बसतो. ताई म्हणते, “अरे, दिवसभर धक्के खाऊन पोट नाही का भरलं तुझं?” तो म्हणतो, “आई, इथे मला बसायला मिळतं.”

ही मंडळी आता ‘ओपन रेल्स’ वापरतात. जुन्या खेळाचं सगळं सामान चालवणारा हा मोफत प्रोग्राम. त्याचा कोड कुणीही उघडून पाहावा, सुधारावा. इंजिनाचं वजन, ब्रेक, ओढण्याची ताकद हे सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलीत कंसांमध्ये लिहिलेलं असतं. एक कंस मिटायचा राहिला की शेकडो टनांची गाडी यार्डातच बसून राहते. जमिनीचा चढउतार नासाच्या यानाने 2000 साली रडारने मोजला होता, तो आयता मिळतो. म्हणजे वैतरणेची खाडी अमेरिकेकडून आली. केळवे रोड स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या मात्र भाच्याने रविवारी जाऊन मोजल्या.

खरी पंचाईत फोटोंची. डब्याची बाजू रंगवायला समोरून घेतलेला, सावली नसलेला, माणूस नसलेला फोटो लागतो. बोईसरच्या फलाटावर माणूस नसलेला डबा! शिवाय अणुवीज केंद्राच्या गावाजवळ कुणी खाली वाकून चाकांचे फोटो काढू लागला, की पोलीसमामांना साहजिकच चार प्रश्न पडतात. त्यांना मॉडिंग समजावून सांगणं हे कोडिंगपेक्षा अवघड.

आणि वाद! पूर्वी चर्चगेट ते विरार 1500 व्होल्टची डीसी वीज होती, विरारच्या पुढे 25000 व्होल्टची एसी. त्या सांध्यावर डब्यातले दिवे-पंखे बंद पडायचे आणि अंधारात लोक निवांत गप्पा पुढे चालू ठेवायचे. 2012 मध्ये विरारपर्यंतही एसी आली, 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि तो अंधार गेला. भाच्याने लोकलच्या आधी धावणाऱ्या जुन्या शटल गाडीसाठी छोटी स्क्रिप्ट लिहून तो परत आणला. लगेच एकाने कळवलं, दिवे चार सेकंद उशिरा जातात. जो माणूस खऱ्या गाडीचा अर्धा तास उशीर मुकाट्याने सोसतो, तोच खेळातल्या चार सेकंदांसाठी भांडतो. मला यात गंमत वाटते, आणि थोडा आदरही.

एकदा भाच्याने पालघरच्या फलाटावर सकाळची खरीखुरी गर्दी उभी केली. कॉम्प्युटर गचके खाऊ लागला. शेवटी निम्मी माणसं काढावी लागली. रोज ती सगळी माणसं वाहून नेणाऱ्या पश्चिम रेल्वेबद्दल त्या दिवशी त्याच्या तोंडून प्रथमच बरा शब्द निघाला. बोईसरच्या एमआयडीसीची धुराडीही त्याने हुबेहूब उभी केली आहेत. वास घालायची सोय अजून खेळात नाही, हे आमचं भाग्य.

‘काउंटर-स्ट्राइक’ हाही 1999 साली दोघांनी ‘हाफ-लाइफ’वर हौसेने बसवलेला मॉडच, पुढे मूळ खेळाच्या कंपनीने तो विकत घेतला, हे भाचा ताईला अधूनमधून ऐकवतो. वाणगाव स्टेशन कुणी विकत घेणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याला फक्त सोबतच्या माहितीच्या फाइलीत नाव हवं असतं: डबे अमक्याचे, आवाज तमक्याचा, वाणगाव माझं.

तेव्हा पालघर-डहाणूच्या वाचकांनो, घरात जुन्या शटलचा एखादा फोटो असेल, मागे डब्याची बाजू नीट दिसत असेल, तर रद्दीत टाकू नका. फोटोत तुमचे काका मध्ये उभे असले तरी चालतील. त्यांना पुसून काढता येतं.