साडेतीन की साडेचार?

परदेशात शिकून आलेली माणसं नगरला नवी नाहीत. 1942 साली तर इथल्या किल्ल्यात त्यांची दाटीच झाली होती. केंब्रिजचे नेहरू, लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले वल्लभभाई आणि असफ अली. जाण्यायेण्याचा खर्च इंग्रज सरकारकडे, परतीची घाई कुणालाच नाही. फ्लेक्स मात्र एकाचाही लागला नव्हता.

आता पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात पोरगं जर्मनीला निघालं की चौकात फ्लेक्स लागतो. मधे कोटातला विद्यार्थी आणि भोवती शुभेच्छुक इतके, की व्हिसा नेमका कुणाला मिळाला ते शोधावं लागतं.

माझ्या चुलतभावाचा मुलगा असाच गेला, आणि त्याच्यापेक्षा घरच जास्त शिकलं. तिकडच्या सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक नसतेच, पण वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात. त्यातले महिन्याला 992 हातात पडतात. ‘‘पैसे आपले, आणि आपल्यालाच हप्त्यानं?’’ या वहिनीच्या प्रश्नावर बँकेतले साहेब नुसते हसले. सरकारी बँकेत साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागतं. तिथं दादांच्या कांद्याच्या रानापेक्षा मेव्हण्याचा नगरमधला वन बीएचके जास्त विश्वासू ठरला. हे दादांच्या अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून ते रोज दोन भाव बघतात, कांद्याचा आणि युरोचा. पहिला चढावा, दुसरा उतरावा एवढीच अपेक्षा. दोन्ही एका दिवशी घडल्याचं ऐकिवात नाही. पोरानं सांगितलं की, इथं पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की 25 सेंट परत मिळतात. दादांनी चार बाटल्यांचा युरो केला, युरोचे रुपये केले, रुपयांचे कांदे केले आणि म्हणाले, ‘‘बाटल्याच पिकवायला पाहिजेत.’’

वहिनीचा विषय घड्याळ. सकाळी साडेदहाला, भाकरी झाल्या की ती फोन लावायची. तेव्हा तिकडे सात वाजलेले. ऑक्टोबर सरला आणि पोरगं एकाएकी झोपेत बोलायला लागलं. हिला वाटलं, आजारी पडलं. मग कळलं, त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी अख्खा देश घड्याळ तासभर मागे घेतो. साडेतीन तासांचं अंतर साडेचारांवर जातं.

‘‘बरं,’’ वहिनी म्हणाली, ‘‘पण धारेची वेळ बदलली हे म्हशींना कोण सांगतं?’’

तिकडं म्हशी कमी, गायी जास्त. पण कुणाला तरी विचारून सांगतो, म्हणालाय.