एक चक्कर मारून सांगा, भाऊ

गाडी घ्यायची ठरली की आमच्याकडे दोन माणसांना बोलावणं जातं. एक मुहूर्त काढणारे गुरुजी, दुसरा मी. गुरुजींना दक्षिणा मिळते, मला अर्धा कप चहा. मी पेशाने ड्रायव्हर. गिअर स्टेअरिंगच्या बाजूला असायचा त्या काळच्या अँबॅसिडरवर हात बसला, मग काळीपिवळी, मग शेठलोकांच्या गाड्या. त्यामुळे जळगावात नाहीतर धुळ्यात कुणाला नवी गाडी बघायची असली की फोन येतो, "भाऊ, जरा येता का? एक चक्कर मारून सांगा फक्त."

मी सांगतो. पण ऐकणार कोण? गाडी आधीच ठरलेली असते आणि ती ठरवलेली असते साडूने. साडूने घेतली त्याच्यापेक्षा एक बोट तरी लांब गाडी घ्यायची, एवढाच खरा हिशोब. मी फक्त मान डोलवायला लागतो. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून अठरा टक्क्यांवर आला. नेमकी नवरात्राची घटस्थापना त्याच दिवशी. तेव्हा तर माझी मान डोलवून डोलवून दुखली.

पूर्वी ही चक्कर मारून बघायची भानगड नव्हती. फियाटला नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. गाडी कशी चालते हे घरी आल्यावर कळायचं, लग्नात नवरी कळायची तसं. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हाही लोक पैसे भरून चिठ्ठी निघायची वाट बघत होते. आता शोरूमचं पोरगं स्वतः घरी गाडी घेऊन येतं. 'सर, सर' करतं. मलाही सर म्हणतं, मग मालक कोण ते कळल्यावर 'काका' म्हणतं.

डेमो गाडीचा एक वास असतो. सीटवरचं प्लॅस्टिक, डॅशबोर्डवरच्या अत्तराची डबी आणि मागच्या गिऱ्हाइकाच्या पोराने खाल्लेले कुरकुरे. पेट्रोलचा काटा कायम तळाला. पोरगं शेजारी बसतं आणि रस्ता तेच सांगतं. महामार्गावर डावीकडे, पुढच्या उड्डाणपुलाखालून वळून परत. हा रस्ता इतका गुळगुळीत की त्याच्यावर बैलगाडीसुद्धा आवडावी. मी एकदा म्हटलं, "बाळा, जरा जुन्या गावातून घेऊ." तर म्हणाला, "काका, तिकडे परमिशन नाही." ज्या रस्त्यांवर आयुष्य काढायचं, त्यांचीच नेमकी परमिशन नसते.

या बाबतीत धुळेकर नशीबवान. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग त्यांच्या दारात एकमेकांना छेदतात, आणि शहराबाहेर पडलं की लळिंगचा घाट. चार माणसं बसवून, एसी चालू ठेवून, मालाच्या ट्रकमागे सापडून तो घाट चढला की इंजिनाचं पोट कळतं. एका नव्या ऑटोमॅटिक गाडीने तिथे ट्रकच्या बरोबरीला आल्यावर 'वरचा टाकू की खालचा' असा विचार केला. तेवढ्यात ट्रकवाल्याने माझ्याकडे बघून हात जोडले. गाडीचं नाव सांगत नाही, शोरूमवाले ओळखीचे आहेत.

आमच्या जळगावला घाट नाही. आमच्याकडे ऊन आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा इथली खरी टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडण्यापासून सुरू होते. स्टेअरिंगला हात लावायचा तर मधे उपरणं धरावं लागतं. सीटबेल्टचं बक्कल लागलं तर चटका बसतो. शोरूमवालं पोरगं हुशार असतं. तुम्ही येणार हे कळल्यावर अर्धा तास आधी एसी लावून गाडी सावलीत उभी करतं. मी मुद्दाम चहाला वेळ लावतो, पोराला गाडी उन्हात काढायला सांगतो आणि मग बसतो. पुढच्यांना गार लागायला किती वेळ लागतो ते सगळेच बघतात. मागच्यांना किती लागतो ते कोणी बघत नाही.

आणि अशा या मुलखात लोक सनरूफ मागतात! छपराला भोक पाडून वर जास्तीचे पैसे द्यायचे. रावेरकडच्या एका बागायतदारांना मी म्हटलं, "अण्णा, आपण केळीच्या घडाला ऊन लागू नये म्हणून धडपडतो आणि तुम्ही स्वतःच्या डोक्यावर काच मागता?" ते हसले आणि सनरूफवालीच घेतली. पोरं वर डोकं काढून उभी राहतात ती वेगळीच. अचानक ब्रेक लागला तर काय होईल, हे त्या भोकाच्या किमतीत सांगत नाहीत.

याच अण्णांच्या बागेचा रस्ता म्हणजे माझी आवडती परीक्षा. काळी माती, ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे वाळून दगड झालेला उंचवटा. चाकं चाकोरीत उतरली की तो उंचवटा गाडीचं पोट खरवडतो. कागदावर ग्राउंड क्लिअरन्सचे आकडे बरेचदा रिकाम्या गाडीचे असतात. हिवाळ्यात पाच माणसं, भरताची वांगी, कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि मोठी कढई घेऊन शेतात निघालं की तेच आकडे खाली बसतात. बोलेरो 2000 सालापासून आमच्याकडे का टिकली, ते त्या चाकोरीत उतरल्यावर विचारायला लागत नाही.

इलेक्ट्रिक गाडी मला मनापासून आवडली. पाय ठेवला की निघते, घरघर नाही. अडचण एवढीच की पारोळ्याच्या बाजारात तिचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. माणसं नाही, म्हशी नाहीत, कोणीच बाजूला होत नाही. जळगाव-धुळे साधारण 90 किलोमीटर. कागदावरच्या आकड्यात जाऊन-येऊन आरामात होतं. मेमधल्या एसीत किती होतं ते मालकालाच बघू द्यावं.

पण एवढ्या गाड्यांत सर्वांत चोख परीक्षण ऐकलं ते धुळ्याच्या एका आजीकडून. उंच गाडी. दार उघडलं तर आतली सीट आजीच्या कमरेच्या वर. नऊवारी, गुडघे दुखतात. पोराने शोरूममधून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. आजीने स्टुलाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि म्हणाली, "आते येमा चढाले शिडी लागी का?" मुलगा म्हणाला, "माय, सवय व्हईल." बुकिंग त्याच दिवशी झालं. साडूकडे तीच होती.

म्हणून आता कुणाचा फोन आला की मी आधीच सांगून ठेवतो. दुपारी दोनची वेळ घ्या. पोराला शोरूममध्ये चहा पाजा, रस्ता आपण ठरवू. स्टेअरिंगवर मी बसतोच, पण मालक, तुम्ही मागे बसा, मधल्या जागेवर. शेजारी आईला घ्या. आणि साडूला यातलं काही कळवू नका.