दया बारनिशीत आहे

फौजदारी वकिलाने राहावं तर पडेगावात. एका अंगाला छावणी, दुसऱ्या अंगाला दौलताबादचा रस्ता. कोर्ट अदालत रोडवर, खंडपीठ जालना रोडवर आणि पक्षकार हर्सूलच्या जेलात. कुठेही जायचं म्हटलं की उशीर ठरलेला. त्याचं मला वाईट वाटत नाही. आमच्या धंद्यात उशीर हा दोष नसतो, तो बचावाचा मुद्दा असतो.

परवा शेजारच्या काकांनी विचारलं, “वकीलसाहेब, राष्ट्रपती दया दाखवतात म्हणजे नेमकं करतात तरी काय?” म्हटलं, काका, दया राष्ट्रपती भवनात नसते. ती गृहखात्याच्या बारनिशीत असते.

लहान मुलांच्या खुनांसाठी फाशी झालेल्या गावित बहिणींचंच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची फाशी २००६ मध्ये कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दया नाकारली आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. दयेच्या अर्जाचा निकाल लागायला पावणेआठ वर्षांहून जास्त काळ गेला, हे त्याचं कारण. ई-मेल हाताशी असताना नुसती फाईल सरकायला एवढी वर्षं लागावीत, हे अस्वीकारार्ह आहे, असं न्यायालयाने सुनावलं. मी फाशीच्या विरोधातला माणूस, त्यामुळे दोघी वाचल्या याचं मला दुःख नाही. पण वाचवलं कोणी? राष्ट्रपतींनी तर ‘नाही’ म्हटलं होतं. वाचवलं जेवणाच्या सुट्टीवर गेलेल्या एखाद्या कारकुनाने. घटनेत कलम ७२ राष्ट्रपतींसाठी आहे, १६१ राज्यपालांसाठी. या कारकुनाचं कलम तेवढं घालायचं राहून गेलं. आणि ज्यांची लेकरं गेली, त्या आईबापांनाही ही वर्षं मोजावीच लागली. त्यांच्या उशिराची सूट कुठल्या कलमात बसते, ते मी अजून शोधतोय.

पुण्याच्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या २००७ मधल्या बलात्कार आणि खून खटल्यात तर कहर झाला. राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये दया नाकारली, तरी फाशीची तारीख ठरायला जवळजवळ दोन वर्षं लागली. अखेर २४ जून २०१९ ही तारीख निघाली, आरोपी उच्च न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये फाशीची ३५ वर्षांची कैद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि दयेच्या अर्जांसाठी राज्यांनी वेगळा कक्ष काढावा, असं बजावलं. आता कक्ष म्हटला की टेबल आलं, टेबल म्हटलं की शेरा आला, आणि शेरा म्हटला की “चर्चा करावी” आलंच. माझ्या धंद्याला मरण नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने मात्र शिस्त आणली म्हणतात. कलम ४७२ वाचा. फाशीच्या कैद्याला अर्जासाठी ३० दिवस. राज्याचा अभिप्राय आणि जेलचे कागद हाती आल्यावर केंद्राला शिफारशीसाठी ६० दिवस. राज्याने अभिप्राय किती दिवसांत द्यायचा? लिहिलेलं नाही. राष्ट्रपतींनी किती दिवसांत ठरवायचं? तेही नाही. ठरल्यावर मात्र ४८ तासांत कळवायचं. म्हणजे घड्याळ बांधलंय ते प्रामुख्याने ज्याचा जीव जायचाय त्याच्या मनगटावर.

सगळ्यांनाच थांबावं लागतं असंही नाही. अभिनेता संजय दत्तची दोषसिद्धी २०१३ मध्ये कायम झाली, तेव्हा निकालाची शाई वाळायच्या आत निवृत्त न्यायमूर्ती काटजूंनी माफीची मागणी केली. २०१५ मध्ये राज्यपालांनी ती फेटाळली, हा भाग वेगळा. माझ्या हर्सूलच्या पक्षकारासाठी आजवर निवृत्त तलाठ्यानेही पत्र लिहिलेलं नाही.

आता परवान्याचं ऐका. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, सुटल्यानंतर दोन वर्षं वकिलीची सनद मिळत नाही; अधिवक्ता कायद्याचं कलम २४-अ. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेला आमदार मात्र सुटल्यावर सहा वर्षं निवडणुकीला उभा राहू शकत नाही. म्हणजे होऊ घातलेला वकील पुढाऱ्याच्या तिप्पट वेगाने सुधारतो, असं खुद्द संसदेचं मत आहे. बार रूममध्ये ही बातमी मी चहासोबत वाटली.

माझा एक पक्षकार मात्र ना वकील, ना पुढारी. मारामारीच्या केसमध्ये निर्दोष सुटला. रिक्षाच्या बॅजसाठी चारित्र्य पडताळणीला गेला, तर कागदावर ‘गुन्हा दाखल’ तसाच. निकालाची नक्कल दाखवली. साहेब म्हणाले, नोंद वरून निघेल. सहा महिने झाले, वरून काही उतरलेलं नाही.

काल तो माझ्याकडे आला. “वकीलसाहेब, राज्यपालांकडे दयेचा अर्ज टाकू का?”

“अरे, तू निर्दोष आहेस. दयेसाठी आधी शिक्षा व्हावी लागते.”

त्याने थोडा विचार केला. “मग ती व्हायला किती वर्षं लागतील?”