दुसऱ्या कॅमेऱ्याचे अर्थशास्त्र

परदेशातील चित्रीकरण आणि आपत्ती यांचा परस्परसंबंध चित्रपटविषयक ग्रंथांत सहसा तळटिपेतच आटोपला जात असला, तरी उपलब्ध पुरावा पाहता असे अनुमान निघते की, ज्या निर्मात्याने संकटाच्या चित्रणाची आगाऊ सोय करून ठेवली नाही, त्याचे निम्मे भांडवल वाया गेले असे समजावे. ही सोय म्हणजे दुसरा कॅमेरा : पहिला नटाकडे रोखलेला असताना, नटामागे कोसळणाऱ्या सेटकडे जो रोखलेला असतो तो.

या अर्थशास्त्राचा आद्य नमुना फिलिपिन्समध्ये सापडतो. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी मार्च 1976 मध्ये तेथे ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटाचे काम सुरू केले. चित्रीकरणातली हेलिकॉप्टरे तेथील मार्कोस सरकारची होती आणि त्या सरकारचे देशातील बंडखोरांशी खरेखुरे युद्ध चालू असल्यामुळे ती ऐन चित्रीकरणातून उठून खऱ्या लढाईवर जात, आणि खोट्या लढाईला ती परत येईपर्यंत ताटकळावे लागे. मे महिन्यात चक्रीवादळाने सेट उद्ध्वस्त केले, पुढच्या वर्षी 36 वर्षांचे नायक मार्टिन शीन यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि भरघोस मानधन ठरलेले मार्लन ब्रँडो आले ते पटकथेतल्या कृश सेनाधिकाऱ्याला शोभणार नाही एवढे वजन घेऊन. या सर्व काळात दिग्दर्शकाच्या पत्नी एलिनॉर यांचा कॅमेरा चालू होता. त्यातून 1991 मध्ये जो माहितीपट निघाला, तो मूळ चित्रपटाइतक्याच आदराने अभ्यासला जातो.

दिग्दर्शक वर्नर हेरझॉग यांनी आपल्या एका चित्रपटासाठी पेरूच्या जंगलात तीनशे टनांहून अधिक वजनाचे जहाज खरोखरच डोंगरावरून ओढून नेले. त्यांचा पहिला नायक आमांशाने आजारी पडून सुमारे 40 टक्के चित्रीकरणानंतर मायदेशी गेला, म्हणून सारे पुन्हा चित्रित करावे लागले. यावरही 1982 मध्ये स्वतंत्र माहितीपट आहेच.

तथापि, या शास्त्राचा शुद्धतम प्रयोग टेरी गिलियम यांनी सप्टेंबर 2000 मध्ये स्पेनमध्ये केला. डॉन किहोते या पवनचक्क्यांशी लढणाऱ्या सरदाराच्या कथेसाठी त्यांनी जे ओसाड माळरान निवडले, त्याच्या शेजारीच लढाऊ विमानांचे सरावक्षेत्र होते, त्यामुळे सतराव्या शतकातील संवादांवर विमानांचा आवाज चढू लागला. दुसऱ्याच दिवशी ढगफुटीसारखा पाऊस येऊन साहित्य वाहून गेले आणि मातीचा रंगच बदलला. आदल्या दिवशीच्या दृश्यांशी नव्या दृश्यांचा मेळ, ज्याला चित्रपटवाले ‘कंटिन्युइटी’ म्हणतात, तो बसेना. किहोते साकारण्यासाठी अनेक महिने खपून इंग्रजी शिकलेले ज्याँ रोशफोर पाठीच्या मणक्याच्या विकाराने घोड्यावर बसू शकेनात. त्यानंतर विमा कंपनीशी जो वाद झाला, त्यात पाऊस ही ‘दैवी आपत्ती’ ठरते काय, म्हणजे जिची भरपाई मागता येत नाही असे ईश्वराचे कृत्य ठरते काय, असा धर्मशास्त्रीय प्रश्न उद्भवला, आणि अखेरीस पटकथेचे हक्क विमा कंपनीकडे गेले. कादंबरीतील सरदारालाही एवढा निर्दय शत्रू भेटला नव्हता. 2002 मध्ये या न झालेल्या चित्रपटावरचा माहितीपट चित्रगृहांत झळकला. मूळ चित्रपट पडद्यावर येण्यास 2018 उजाडले.

मराठी निर्मात्यांनी या शास्त्राकडे पाठ फिरवली आहे, हे खेदाने नमूद करावे लागते. गेल्या काही वर्षांत अनेक मराठी युनिटे ब्रिटनमध्ये जाऊन आली, परंतु प्रसिद्धीच्या कार्यक्रमांत तेथील वास्तव्याचे वर्णन ‘खूप धमाल केली, सगळे एका कुटुंबासारखे राहिलो’ या दोन वाक्यांपलीकडे जात नाही. वस्तुतः अडचणी तिथेही असतात, फक्त त्या वादळाच्या नसून कागदाच्या असतात. उपकरणे तात्पुरती परदेशी नेऊन शुल्क न भरता परत आणण्यासाठी ‘एटीए कार्नेट’ नावाचा दस्तऐवज लागतो, जो भारतात फिक्की ही संस्था देते. त्यात वस्तूंची क्रमांकासह यादी असते, आणि त्यातली एखादी बॅटरी परतताना सापडली नाही, तर सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या निर्मिती व्यवस्थापकाच्या मुद्रेवर जे भाव उमटतात, ते नायकाने शेवटच्या प्रसंगातही दाखवलेले नसतात. ते कोणी चित्रित केलेले नाहीत.

शिवाय ब्रिटनच्या करसवलतीसाठी चित्रपटाला अधिकृतपणे ‘ब्रिटिश’ ठरावे लागते. यासाठी जी सांस्कृतिक कसोटी आहे, तीत कथा ब्रिटनमध्ये घडल्यास आणि पात्रे तेथील रहिवासी असल्यास गुण मिळतात, संवाद इंग्रजीत असल्यासही मिळतात; मराठी संवादांना मात्र शून्य. मराठी नायिका उठून थेट लंडनमध्ये नोकरीला का जाते, या प्रश्नावर समीक्षकांनी व्यर्थ शाई खर्च करू नये : उत्तीर्ण होण्यासाठी 35 पैकी 18 गुण लागतात.