रात्रीची खतावणी

कुत्र्याच्या पिल्लाला रात्री क्रेटमध्ये झोपवण्याचे दोन नियम आहेत. पहिला: ते रडतंय म्हणून दार उघडायचं नाही. उघडलं की ‘रडलं की दार उघडतं’ एवढं ते जन्माचं शिकतं. दुसरा: त्याला सू लागली असेल तर दार ताबडतोब उघडायचं. नाहीतर झोपायची जागा घाण करायची नाही, ही जी एकच चांगली सवय ते घेऊन आलेलं असतं, ती आपणच मोडतो. दोन्ही नियम अगदी बरोबर आहेत. रात्री दोन वाजता त्यातला कोणता लागू आहे, हे मात्र पिल्लू सांगत नाही.

आमचा गोट्या देशी. प्राणिमित्र संस्थेने तो पुरता आठ आठवड्यांचा झाल्यावरच आमच्या हातात दिला. (त्याहून लहान पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे. दत्तक देणारी शहाणी माणसंही तेवढं थांबतात.) तोवर तो भावंडांच्या ढिगाऱ्यात, कुणाची तरी तंगडी नाकावर घेऊन झोपत आलेला. तिथून तो थेट कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात, तारेच्या क्रेटमध्ये आला. क्रेटचं माप ठरलेलं असतं. आत उभं राहता, गोल फिरता आणि अंग पसरून झोपता आलं पाहिजे. त्याहून मोठा नको, नाहीतर पिल्लू एका टोकाला बेडरूम आणि दुसऱ्या टोकाला संडास काढतं. आमच्या बिल्डरने हेच माप आम्हाला लावलं असावं, फक्त गोल फिरण्याचं कलम गाळून.

त्याच आठवड्यात आई-बाबा साताऱ्याहून ‘चार दिवस’ आले. क्रेट बघून आईने चपला काढायच्या आधीच विचारलं, “काय गुन्हा केलाय लेकराने?” तिला पाठिंबा मिळाला तो थेट स्टॉकहोमहून. माझा भाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “आमच्याकडे प्रवास वगैरे सोडला तर कुत्र्याला असं कोंडून ठेवणं कायद्याने मना आहे. फिनलंडमध्येसुद्धा.” न्यूजर्सीच्या मावसबहिणीने लगेच उलट कळवलं, की क्रेट आणल्याशिवाय तिकडे कुणी पिल्लू आणतच नाही. आमचा नवरा नेहमीप्रमाणे अलिप्ततावादी. तो म्हणाला, “आधी रात्र तर होऊ दे.”

रात्र झाली. गोट्याने आधी बारीक कुईकुई करून आम्हाला संधी दिली. मग तो रडला. एवढ्याशा छातीतून निघालेला तो आवाज दोन मजले खाली गेला. सकाळी लिफ्टमध्ये खालचे काका कळवळून म्हणाले, “बाळाला ग्राइपवॉटर देऊन बघा.” बाळ कोण ते कळल्यावर त्यांचा कळवळा आटला आणि त्यांना सोसायटीचे नियम आठवले. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने केव्हाच स्पष्ट केलंय. ते मी सांगितलं, पण डोळे तांबारलेले असले की कायदा पटवून देता येत नाही.

त्या रडण्याला हट्ट म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. याक पँकसेप नावाच्या शास्त्रज्ञाने पिल्लांच्या, कोंबडीच्या पिलांच्या आणि गिनीपिगच्या अशाच आकांतावर वर्षानुवर्षं काम केलं. मॉर्फिनच्या अगदी अल्प मात्रेने हे रडणं थांबतं, असं त्याला १९७०च्या दशकात दिसलं. म्हणजे ताटातूट मेंदूला जवळपास दुखण्यासारखीच लागते. हे मी रात्री दीड वाजता नवऱ्याला समजावून सांगितलं. तो अंधारात बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मोठ्या माणसांसाठी किती मात्रा लागते?”

उपाय सुचवणाऱ्यांची कमी नव्हती. आईने मीठ-मोहऱ्यांनी गोट्याची दृष्ट काढली; त्याला फक्त शिंका आल्या. मैत्रीण म्हणाली, टिकटिकणारं घड्याळ टॉवेलात गुंडाळून ठेव, पिल्लांना आईच्या काळजाचे ठोके वाटतात. ठेवलं. गोट्या खरंच झोपला. पण गजर बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि पहाटे पाच वाजता आईचं काळीज खणाणलं. क्रेटवर आईची जुनी सुती साडी टाकली, ती सकाळपर्यंत क्रेटच्या आत गेली होती.

मग बाबांनी प्रकरण हातात घेतलं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. जगातला कुठलाही गोंधळ हा नोंदी न ठेवल्यामुळे होतो, असा त्यांचा विश्वास. त्यांनी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले: वेळ, खाणं, पाणी, सू, रुदन, शेरा. रुदनाचे पोटप्रकार पाडले. ‘बारीक, सलग, सोबत गादी खरवडणे: देय आहे.’ ‘मोठ्याने, मध्ये थांबून कानोसा: देय नाही.’ महिन्यांच्या वयात एक मिळवला की पिल्लू साधारण तेवढे तास कळ काढतं, हा ठोकताळा मी सांगितल्यावर बाबांनी चष्मा पुसला. “दोन अधिक एक, तीन. अकराला झोपला तर दोनला मुदत भरते. मग आपण रडण्याची वाट कशाला बघायची? पावणेदोनला आपणच उठवू.”

दोन्ही नियमांची कोंडी अशी सुटली. रडण्याआधीच दार उघडलं, त्यामुळे रडण्याचा आणि दाराचा काही संबंध उरला नाही. लसी पूर्ण झाल्या नव्हत्या, म्हणून खालच्या रस्त्यावर जायला बंदी होती. डॉक्टरांनी गच्ची चालेल म्हटलं. बाबा टॉर्च आणि गोट्याला घेऊन वर जायचे. गप्पा नाहीत, खेळ नाही, सू झाली की परत. एकदा वॉचमन काठी घेऊन वर आला, तर बाबांनी त्यालाच तोंडावर बोट ठेवून गप्प केलं आणि वहीत साक्षीदार म्हणून त्याची नोंद केली.

‘देय नाही’ प्रकारचं रुदन मात्र खात्यात पडूनच होतं. ते आईने एका मिनिटात निकाली काढलं. तिने क्रेट हॉलमधून सरकवत आमच्या पलंगाला टेकवला आणि मला म्हणाली, “तू चार वर्षांची होईपर्यंत माझा पदर धरून झोपायचीस. याला दोन महिन्यांत स्वावलंबन?” मी रात्री हात खाली सोडला, तारेतून ओलं नाक बोटांना लागलं आणि घोरणं सुरू झालं. त्या घोरण्याने नवऱ्याची झोप उडाली, पण त्याला वहीत रकाना नव्हता.

दिवसा आम्ही गोट्याला क्रेटमध्येच जेवायला वाढायचो, दार उघडं ठेवून. हळूहळू तो आपणहून आत जायला लागला. आता साडेदहाला तो क्रेटमध्ये बसतो आणि हॉलमधला दिवा चालू राहिला तर नापसंतीची एक भुंक देतो. रात्रभर कळही काढतो. चार दिवसांसाठी आलेले आई-बाबा एवढं सगळं मार्गी लावूनच साताऱ्याला परतले. वही बाबांनी सोबत नेली.

परवा आईचा फोन आला. “गोट्या बरा आहे ना? झोपतो ना?”

“झोपतो की.”

“मग यांचं काय करायचं ते सांग. रोज पावणेदोनला उठतात, चपला घालतात आणि टॉर्च घेऊन दाराशी उभे राहतात. कालपासून मीच गच्चीवर नेऊन आणते.”