कावळ्याला दिलेला शब्द

घाटावर पिंड मांडून तासभर झाला, तरी कावळा शिवेना. मग एकेक जण हात जोडून पुढे होऊ लागला. "नातीचं लग्न थाटात करू." कावळा ढिम्म. "आईला अंतर देणार नाही." तरी ढिम्म. अखेर थोरला म्हणाला, "अण्णा, तुमचं कर्ज फेडू!" कावळा झेपावला आणि थोरल्याच्या खिशातला मोबाइल वाजला. वसुलीवाला.

"वडिलांचे हप्ते थकलेत. मुलगा म्हणून तुमचीच जबाबदारी."

हे लोक स्मृतिग्रंथ वाचून नोकरीला लागतात की काय, कोण जाणे. बापाचं कर्ज मुलाने व्याजासकट फेडायचं, नातवाने नुसती मुद्दल, असं स्मृतिकार सांगून गेले. पण जुगाराचं नि दारूचं कर्ज त्यांनीही मुलाच्या गळ्यात घातलं नव्हतं. मुंबई इलाख्यात १८६६ साली कायदाच करावा लागला: बापाच्या इस्टेटीपलीकडे मुलाला हात लावायचा नाही. विधवेशी लग्न करणाऱ्याकडे तिच्या पहिल्या नवऱ्याचं कर्ज मागायचं नाही, हेही त्यातच लिहावं लागलं. म्हणजे तोवर नवरीबरोबर सावकारही आंदण मिळायचा!

पुढे २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. त्या ९ सप्टेंबरनंतर काढलेल्या कर्जासाठी निव्वळ 'पुत्रधर्म' म्हणून मुलगा, नातू, पणतू यांच्यामागे लागता येत नाही. अण्णांनी मागे दोन लाख ठेवले आणि कर्ज पाच लाखांचं असेल, तर वसुली दोन लाखांपुरती. उरलेले तीन अण्णांबरोबर वर गेले. जमिनीचं मात्र वेगळं. सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त सोसायटीचा बोजा असेल, तर वारसाची नोंद झाली म्हणून तो पुसला जात नाही. जमीन हवी, तर बोज्यासकट घ्या.

एवढं सगळं कायद्याने सोडवलं, तरी आपण सापडतोच. कारण मेव्हणा येतो. "दाजी, नुसती सही हो! बँकेला फॉर्मॅलिटी लागते." १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सख्ख्या बापाच्या कर्जातून सुटलेला माणूस मेव्हण्याच्या ट्रॅक्टरखाली येतो तो असा. चहा पिता पिता, तोही दुसऱ्याच्या पेनाने.

बापाचं कर्ज मनाने फेडलंत, तर ते पुण्य. पण पुण्याचे हप्ते कोणी थकबाकी म्हणून मागू शकत नाही.

संध्याकाळी वसुलीवाला थोरल्याच्या दारात हजर. आवाज एकदम मऊ. "दादा, व्याज कमी करून देतो, सोयीचे हप्ते पाडून देतो. फक्त इथे एक सही करा."

कावळ्याने निदान तोंडी शब्दावर भागवलं होतं.